गंध लावलेले रणगाडे

९ सप्टेंबर, मंगळवार

अकोल्याहून नानाचा फोन. फुलांच्या दुकानाच्या भर वेळेत तो कधी फोन करत नाही, म्हणून दचकून उचलला.

"गेला," म्हणे.

"कोण गेला?"

"अबे रणगाडा. सुरुंगवाला."

खुर्चीत बसलो. कॉलेजपासूनचा मित्र, साठी उलटलेली, आणि एका खेळण्यापायी असा आवाज. पण हसू आलं नाही. 'शिलेदार' मालिकेतला हाच एक त्याच्याकडे नाही. बाकी सगळे आहेत: जीप, तोफा, दारूगोळ्याचा ट्रक, पूल टाकणारा रणगाडा. ओतीव धातूचे, तळहातावर मावणारे. कारखाना बंद पडून वर्षं झाली. हा सुरुंग काढणारा, पुढे दातेरी पातं असलेला, अकोल्याच्या दुकानात होता तेव्हा नानाच्या खिशात एकाचेच पैसे होते. त्याने पूल टाकणारा उचलला. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात दुसरा आणून देतो. पुढच्या महिन्यात कारखान्याला कुलूप.

आज ऑनलाइन लिलावात आला होता. नाना अठरा हजारांपर्यंत चढला. गेला अडतीसला. डब्यावरची छापील किंमत साडेतीनशे.

"कोणी घेतला?"

"नाव नसते तिथं. पुण्याचा हाय म्हंतात."

दिवसभर काम केलं, पण तो आकडा दातात अडकल्यासारखा.

१४ सप्टेंबर, रविवार

बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोला. नानाकडे जेवण. काचेचं कपाट फ्रिजच्या बाजूला, रणगाडे रांगेने. तो पुसतो, मागे-पुढे सरकवतो, एखादा खाली काढून फरशीवरून चालवतो. खेळतो म्हणायला लाजतो. "चाक जाम नको व्हाले" म्हणतो.

शोभावहिनींना अठरा हजारांचं कालच कळलं.

"भाऊजी, तुमीच सांगा यांले. मी मागच्या साली मिक्सर मागतला त जुन्यालेच नवं भांडं आणून देल्लं."

नाना: "मिक्सर कवाही भेटते. त्याची कंपनी बंद नाई पडली."

"माही बी कंपनी बंद हाय म्हणा. मी बी एकच पीस हावो घरात. माह्यावर लावा की बोली."

नाना वरणात पाहत जेवला.

मग त्याने मोबाइलवरचा गट दाखवला. संग्राहकांचा. मी तासभर वाचत बसलो. रणगाड्याबद्दल एक शब्द नाही. कोणता किती चढला, कोणाकडे किती 'पेटीबंद' आहेत, कोण सोडत नाही. एकाने आपल्या खोलीचा फोटो टाकलेला: छतापर्यंत डबे, एकही उघडलेला नाही, एसी चालू. पेटी जितकी बंद तितकी किंमत जास्त. ज्याला कोणी हात लावला नाही तो सगळ्यात महाग; ज्याच्याशी एखादं पोर खेळलं तो भंगार. माल नवा येत नाही, त्यामुळे तीच दहा-बारा माणसं एकमेकांना विकतात आणि प्रत्येक फेरीला आकडा वाढवतात. यालाच आवड म्हणतात.

नानाला याचा राग नाही. "ज्याचा माल त्याचा भाव," म्हणतो. फूलवाल्याला भाव चढणं-उतरणं कळतं. मला राग आहे.

अडतीस हजारवाला सापडला. नाव कौस्तुभ. पुण्याचा, पस्तिशीचा. गटातूनच नानाला निरोप: तुमचं कलेक्शन बघायला यायचंय.

"तू ये त्या दिवशी," नाना म्हणाला. "पुण्याचा माणूस हाय. मराठी समजाले कोणी पाह्यजे."

१८ सप्टेंबर, गुरुवार

सदर दिलं वेळेत. विषय रस्त्यावरचे खड्डे. तिसऱ्यांदा तोच विषय, खड्डेही तेच.

बोलता बोलता संपादकांना नानाचं सांगितलं. वयाने माझ्या मुलाएवढे, पण हुशार. लगेच म्हणाले, "सर, गुंतवणूक पानावर द्या ना. 'खेळण्यातून कमवा'. लोक वाचतात."

म्हटलं, मी त्या पानावर लिहीत नाही.

"नाव वेगळं देऊ."

तीस वर्षांपूर्वी मी टेबल आपटलं असतं. आता "बघतो" म्हणून फोन ठेवतो. वय झालं की किळसही सौम्य शब्दांत येते.

२१ सप्टेंबर, रविवार

कौ. आला. नम्र मुलगा, वाकून नमस्कार केला, वहिनींना पेढे. मग पिशवीतून पांढरे हातमोजे काढले आणि घातले. वहिनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनी विचारत होत्या, डॉक्टर आहे का.

पहिला प्रश्न: "काका, बॉक्स कुठे आहेत?"

नानाला आठवेना. वहिनींना आठवलं. "त्या खोक्यात मी झेंडूचं बी ठेवलं. काईत वाती. काई पोट्ट्यांनी फाडले."

कौ.ने डोळे मिटले. खरोखर मिटले. कोणी वारलं की मिटतात तसे.

मग एक जीप उचलून उजेडात धरली. बॉनेटवर पिवळट-तांबूस डाग.

"हे काय?"

"हळदकुंकू," वहिनी म्हणाल्या. "खंडेनवमीले घरातल्या समद्या हत्याराची पूजा असते ना. विळा, कात्री, तराजू, यायची गाडी. मंग हे बी हत्यारच की."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. ओलं गंध लावतो. फूल ठेवतो वरतून."

त्याने एकेक करून सगळे पाहिले. प्रत्येकाच्या माथ्यावर टिळा, हिरव्या रंगात मुरलेला. काहींवर वर्षानुवर्षांचे, एकावर एक. मला ते आज पहिल्यांदा नीट दिसले. सुंदर दिसत होते.

"काका, भावना समजतो," कौ. म्हणाला, "पण कंडिशन गेली. बॉक्स नाही, त्यात केमिकल डाग. याला मार्केट नाही."

"इकासाठी बलावलं नाई तुमाले," नाना म्हणाला. "सुरुंगवाला द्या म्हणासाठी बलावलं."

तो द्यायला तयार. पंचेचाळीस. परवाच्या अडतीसचे पंचेचाळीस, दोन आठवड्यांत, डबा न उघडता. मी विचारलं, सात हजारांत तुम्ही त्याला काय केलं? तो हसला. "होल्ड केलं, सर."

शेवटी नानाने दोन-दोन होते त्यांतले तीन विकले: एक जीप, एक तोफ, एक ट्रक. भाच्यांसाठी घेतले होते, मोठे झाल्यावर त्यांनी परत आणून दिले. तिन्हींचे मिळून कौ.ने जे दिले त्यात वहिनींचा मिक्सर येणार नाही. जाताना वर म्हणाला, "खरं तर उपकारच करतोय."

 

२५ सप्टेंबर, गुरुवार

सदर: बसस्थानकातली प्रसाधनगृहं. या आठवड्याला शोभेल असा विषय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

नेहमीप्रमाणे अकोल्यात. कॉलेज सुटल्यापासूनचा नेम आहे: नवमीला मी नानाच्या दुकानावर बसतो, तो पूजेला घरी जातो. आमच्याकडे पूजा नाही, छप्पनच्या दीक्षेपासून नाही, तेव्हा मी मोकळाच. झेंडूचे ढीग, गिऱ्हाईक अंगावर. मला वजन करता येतं, भाव सांभाळता येत नाही. एका बाईने माझ्याकडून दोन किलो जवळजवळ फुकट नेलं आणि पुढच्या गल्लीत सांगितलं, कारण तिथून चार जणी आल्या.

नाना परतला. "वानखड्या, दिवाळं काढतं बे माह्यं."

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा पूजा होऊन गेली होती, दर वर्षीसारखीच. पाटावर विळा, कात्री, तराजू, शिलाई मशीन बाजूला, आणि पुढे रणगाडे रांगेने, प्रत्येकाच्या तोफेवर एक झेंडू. पूल टाकणाऱ्याच्या पुलावर दोन. ओलं गंध चमकत होतं. वहिनी म्हणाल्या, "त्या पुण्याच्या पोराले फोटो धाडू का? चक्कर यीन त्याले."

परतीच्या गाडीत सदर मनात लिहून झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी सौ. आणि मी विहारात. पांढरे कपडे, वंदना, खीर. दुपारी सदर पाठवलं. नाना, वहिनी, तोफेवरचा झेंडू. नावं न देता, 'अकोल्याचा एक फूलवाला' म्हणून. गंध लागल्यावर ते खेळणं घरचं कसं होतं, त्याला बाजाराने भंगार म्हटलं तरी. चांगलं उतरलंय. बऱ्याच दिवसांनी असं वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सदर छापून आलं. सकाळपासून फोन. तेल्हाऱ्याच्या एका मास्तरांनी सांगितलं, त्यांच्या आई ट्रान्झिस्टरची पूजा करत. नांदगाव खंडेश्वरहून एक बाई रडल्या. काय सांगत होत्या कळलं नाही, पण मन भरलं.

नाना: "लेका, मले फूलवाला काहून म्हटलं? पुष्पविक्रेता म्हणाचं."

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

नानाने दुपारी एक जाहिरात पाठवली. त्याने विकलेली जीप. काळ्या मखमलीवर, बाजूने प्रकाश, टिळ्याचा मोठा करून फोटो. मथळा: 'खंडेनवमी-पूजित शिलेदार. वऱ्हाडातील एका कुटुंबाची परंपरा. एकमेवाद्वितीय.' खाली पुरावा म्हणून माझ्या सदराचं कात्रण, माझ्या नावासकट. किंमत: तिन्ही मिळून नानाला दिले त्याच्या वीसपट, एकट्या जीपची. खाली लाल अक्षरात 'विकले'.

तोफही गेली. ट्रकवर बोली चालू.

कौ.ला फोन लावला. मी शांत बोललो. मी नेहमी शांतच बोलतो.

"सर! तुमचा लेख अप्रतिम. त्यामुळेच शक्य झालं."

"तुम्ही म्हणाला होतात हळदीने किंमत गेली."

"तेव्हा गेलीच होती. आता त्याला गोष्ट आहे."

"गोष्ट तेव्हाही होती. तुमच्यासमोर वहिनींनी सांगितली."

"हो, पण छापील नव्हती ना."

फोन ठेवून हात धुतले. सौ.ने विचारलं, काय सांडलं?

संध्याकाळी संपादक: "सर, तुमचं सदर पुण्यात फिरतंय! दुसरा भाग होईल का?"

१३ ऑक्टोबर, सोमवार

आता दुसरे सुरू झाले. कुठल्या तरी भल्या गृहस्थाने रणगाडा विकायला काढलाय, 'अस्सल वऱ्हाडी पूजा'. चाकांपासून तोफेपर्यंत पिवळा माखलेला. सौ.ने चष्मा लावून फोटो पाहिला.

"ही हळद नाई. लोणच्याचं तेल हाय."

हसलो, आणि मागोमाग राग आला. आमच्या घरात हळदकुंकू नाही. दुसऱ्याच्या पूजेची नक्कल झाली तर मला काहून राग यावा? विचार केला. मला पूजेचं काही नाही. पण शोभावहिनी सकाळी उठून, न्हाऊन, तराजूच्या बाजूला रणगाडा ठेवतात तेव्हा त्यांच्या डोक्यात गिऱ्हाईक नसतं. बस, तेवढंच. ते एवढं एक होतं ज्यात गिऱ्हाईक नव्हतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सदर रद्द. प्रकृतीचं कारण दिलं. खोटंही नाही.

रात्री जेवताना नानाचा फोन. आधी झेंडूचा पडलेला भाव, मग भाच्याची नोकरी, मग माझी साखर. मी म्हटलं, "बोल ना बे सरळ."

सरळ असं: कौ. एक खोकं पाठवतोय. त्यात पेटी फाटलेले, ओरखडे पडलेले शिलेदार, ज्यांना तसा भाव येत नाही. वहिनींनी त्यांना गंध लावायचं, फूल ठेवायचं, नानाने फोटो काढायचे. आणि मी एका कागदावर सही करायची, की अकोल्यातल्या या घरी या नगांची पूजा झालेली मी समक्ष पाहिली. बदल्यात पैसे नाहीत. बदल्यात सुरुंगवाला.

"फुकट?"

"फुकट. पेटीसगट."

मी ताट बाजूला सरकवलं.

"वानखड्या, हायस का?"

"हाय."

"रागावला?"

"तुह्यावर नाई."

"मंग माह्यावरच रागाव ना, मले सोपं जाईन."

१९ ऑक्टोबर, रविवार

अकोला. दिवाळी आहे, दुकानात गर्दी, तरी नाना घरी. खोकं आलेलं, शिलाई मशीनच्या खाली. आणि सुरुंगवाला? तोही आलेला. कौ.ने आधीच पाठवला, वर चिठ्ठी, 'नानांसाठी, विश्वासाने.' व्यवहार कसा करावा हे या पोराला कळतं. आधी हातात द्यायचं. मग मागायचं.

पेटी कपाटात, उघडलेली. रणगाडा नानाच्या मांडीवर. जेवताना मांडीवर, हात धुवायला गेला तेव्हा डाव्या हातात. दातेरी पातं वर-खाली होतं, तो अंगठ्याने करत राहतो. इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. लग्नातही नाही, वहिनीही हेच म्हणाल्या.

"यांले पाहा. मी आली तवा असं हातात नाई धरलं मले कोणी."

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही लावणार गंध?"

"कावून लावू? खंडेनवमी झाली. दिवाळीत रणगाड्याले गंध लावू मी? उद्या म्हणतीन होळीले लक्ष्मी मांड."

नाना: "अवो देवाचं नको करू काई. नुसतं बोट लावाचं हाय."

"मंग तुमीच लावा. बोटं तुमालेही हायत."

नानाला ते लागलं. उठला, स्वयंपाकघरातून वाटी आणली, हळद कालवली, खोक्यातली एक जीप काढली आणि बॉनेटवर अंगठा दाबला. ओघळ चाकापर्यंत गेला. पुसला तर सगळीकडे पसरलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"हे गंध हाय का खरूज?"

मीही हसलो. नानाही हसला, मग थांबला, आणि ती जीप नळाखाली धरून घासत बसला. रंग निघाला. आता ती कौ.ची जीप नानाने बिघडवली. भरून द्यावी लागेल.

निघताना त्याने कागद पुढे केला. टाइप केलेला. 'मी, ज्येष्ठ पत्रकार, प्रमाणित करतो की ही पूजा मी समक्ष पाहिली...'

"नाना, मी तुह्या घरची पूजा आजवर एकदाही पाह्यली नाई. मी दुकानावर असतो."

"मले मालूम हाय ते."

"मंग?"

"त्याले मालूम नाई ना. तुह्या सहीले वजन हाय बे."

"म्हणूनच."

कागद घेतला, घडी करून खिशात टाकला. नाही म्हणालो नाही. का नाही म्हणालो नाही? कारण मांडीवर तो रणगाडा होता. ज्याने तो तिथे ठेवला त्या माणसाची मला किळस येते, आणि नाना सुखात आहे. दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवायचं कळत नाही. गाडीभर विचार केला, मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

कौ.चा फोन, दोनदा. नाही उचलला. मग संदेश: 'सर, साइनचं बघता का? दिवाळीत डिमांड पीकवर आहे.' मागोमाग दिव्याचं चित्र, शुभ दीपावली.

कागद टेबलावर. त्यातली दोन वाक्यं मी सवयीने दुरुस्त केली. नंतर लक्षात आलं काय करतोय, आणि पेन बाजूला फेकलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. नानाचा फोन. आवाज नेहमीचा, म्हणजे ठरवून नेहमीचा.

"तू सई नको करू," म्हणाला. "मी विचार केला. तुले त्यात नाई ओढाचं."

"बरं."

"पण मले वापस कर असं बी नको म्हणू."

  वहिनी मागून काहीतरी म्हणाल्या, तो "हाव, हाव" म्हणाला, फोन ठेवला.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "त्या पुण्याच्या पोराकडूनच पैसे देऊन विकत घ्या की मग."

भाव पाहिला. आज बावन्न. परवा काय असेल देव जाणे. शिवाय तो आता विकणार नाही, त्याला पैसे नकोतच, त्याला वहिनींचं बोट हवंय. एका माणसाच्या आवडीची वस्तू दुसऱ्याने बंद खोलीत ठेवायची, आणि सोडायची तर अशा किमतीला, की घेणाऱ्याने घरातलं काहीतरी काढून द्यावं. हा धंदा कायदेशीर आहे. तक्रार कुठे करणार, आणि काय लिहिणार?

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी वहिनींचा फोन. त्या मला सहसा फोन करत नाहीत.

"भाऊजी, तुमचा दोस्त दिस उगवल्यापासून वाफ्यात बसून हाय."

"कोणत्या वाफ्यात?"

"गुलाबाच्या. घरामागं. कालच पाणी सोडलं होतं. तो नवा रणगाडा घेऊन बसले. माती नांगरून राह्यले त्यानं."

"सुरुंगवाल्याने?"

"हाव. गुडघे समदे चिखलात. मी म्हटलं हे काय चालवलं, त म्हंते, ह्याले ह्याच्यासाठी बनवलं. जाऊन पाहा म्हंते, सरी किती सरळ आली."

फोन नानाला दिला. धापा टाकत होता.

"दोन दात वाकले," म्हणाला. "एक गोटा लागला."

"नाना, आता तो वापस नाई जाणार. त्या पोराने डबा न उघडता ठेवलेला नग होता तो."

"मले मालूम हाय."

"खोक्यातले?"

"ते जसेच्या तसे. ती जीप सोडून. सोमवारी तो सोता येऊन राह्यला न्यायले. गंध लागलं असंन म्हणून येऊन राह्यला. अजून सांगतलं नाई त्याले काई."

"तो भरपाई मागेल. बावन्नच्या वर."

"मागंन." मग चाक घासल्याचा आवाज, मातीत. "पूल टाकणारा मागतला तं?"

 पूल टाकणारा आता किती झाला असेल, ते मला पाहवलं नाही. नानाने बहुधा पाहिलंय.

"तू ये सोमवारी," म्हणाला.

"येतो."

"आन नुसता येऊ नको. त्याले काय म्हणाचं ते लिहून आन. मले त्याच्यापुढं बोलता येत नाई, त्याचं मराठी लय साफ हाय."

दुपारपासून बसलोय. चाळीस वर्षं लोकांनी शेवटच्या क्षणी मागितलेलं वेळेत लिहून दिलं. मृत्युलेख अर्ध्या तासात दिलेत. आज 'श्री. कौस्तुभ यांस' एवढं झालं, आणि त्यातलं 'श्री.' ठेवायचं की काढायचं, तिथेच अडलोय.